चाकांवरचे बिऱ्हाड : सात दिवसांत शिका

मोटरहोमची जाहिरात थोडक्यात अशी असते : घर बरोबर घ्या आणि कुणाचेही मिंधे न होता हिंडा. हॉटेल नको, बुकिंग नको, सकाळी दार वाजवून खोली रिकामी करायला सांगणारा पोऱ्या नको. समुद्र दिसला की थांबायचे, कंटाळा आला की निघायचे. प्रस्तुत मार्गदर्शिकेचा या विचाराला आक्षेप नाही. मांडव्यापासून रेडीपर्यंतच्या किनाऱ्यावर तो कसा अमलात आणावा, एवढेच ती शिकवते.

अभ्यासक्रम सात दिवसांचा आहे. पूर्वज्ञानाची अट नाही. गाडी मात्र भाड्याची असावी. विकत घेऊन बसलेल्यांना हा लेख वाचून उपयोग नाही. त्यांची वेळ टळून गेली आहे.

साहित्य

एक मोटरहोम. आपल्याकडे ते बहुधा ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेले असते. मागे पलंग, मधे रात्री पलंग होतो असे म्हणतात तो बाक, शेगडी, बेसिन, लहानसा फ्रिज आणि एका कपाटात शौचालय. या कपाटात माणूस उभा राहू शकतो किंवा बसू शकतो. उभ्याचे बसायचे असेल, तर एकदा बाहेर येऊन पुन्हा आत जावे लागते.

एक चालक. भाड्याच्या गाडीबरोबर तो येतोच. त्याला दादा म्हणावे. दादा रात्री झोपणार कुठे, हा प्रश्न जाहिरातीत नसतो. तो पहिल्या संध्याकाळी निघतो.

एक कालनिर्णय. तारखेसाठी नव्हे, तिथीसाठी.

जाड प्लगची लांब वायर, नळाला लावायचा पाइप, दोन बादल्या, सुटे पैसे आणि बाकरवडीची सात पाकिटे. पाकिटे खाण्यासाठी नाहीत. ती कशासाठी, ते पुढे येईलच.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. अशा गाड्या उभ्या करायला पाणी-विजेची सोय असलेली पार्क असावीत, असा विचार त्यात आहे. धोरणाची प्रत जवळ ठेवावी. दुपारी पंखा म्हणून चालते.

पहिला दिवस : घर बोटीत घालणे

मुंबईकरांनी गोवा महामार्गाला हात न लावता भाऊचा धक्का गाठावा. मार्च २०२० पासून इथून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट जाते. तासाभरात तुम्ही, तुमचा पलंग आणि तुमचे बेसिन समुद्र ओलांडून अलिबाग तालुक्यात उतरता.

हा सराव पुढे उपयोगी पडतो, कारण या किनाऱ्याला सलग रस्ता नाही. रेवस-रेडी सागरी महामार्ग बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून बोलण्यात आहे; जमिनीवर मात्र त्याला खाड्या आडव्या येतात. मोठ्या पुलांची कामे चालू आहेत. ती उरकेपर्यंत राजपुरीची खाडी आगरदांडा-दिघी, सावित्री बागमांडला-वेसवी, वाशिष्ठी दाभोळ-धोपावे आणि शास्त्री तवसाळ-जयगड अशी फेरीबोटीनेच ओलांडायची.

कृती : भरती असेल तर धक्का आणि बोटीची फळी जवळजवळ एका पातळीत येतात. ओहोटीला उतार वाढतो. साध्या मोटारीला त्याचे काही वाटत नाही. पण मोटरहोमच्या मागच्या चाकांनंतरही बरेचसे घर हवेत लोंबत असते आणि सांडपाण्याची तोटी नेमकी त्याच टोकाला असते. म्हणून तिकीट काढण्याआधी खलाशाला गाडी दाखवावी. तो आधी गाडीकडे, मग पाण्याकडे, मग तुमच्याकडे बघेल. "अर्धा तास थांबा" म्हणाला तर थांबावे.

चढवताना घरची माणसे खाली उतरवावीत. खलाशी फळीवर उभा राहून बोटे आत दुमडत "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" म्हणतो. त्याच वेळी तिकीटवाला "डावी मार" म्हणतो, मागच्या रिक्षातले गृहस्थ "अहो, घासतेय" म्हणतात आणि तुमची सौभाग्यवती दोघांच्या मधले काहीतरी म्हणते. दादाने फक्त पहिल्याचे ऐकायचे. "बास!" आले की इंजिन बंद, हँडब्रेक वर, गाडी गिअरमध्ये. मग आत जाऊन फ्रिजचे दार बघावे. ते उघडलेले असते.

रात्रीचा मुक्काम जाहिरातीप्रमाणे करावा : काशीदच्या जवळपास सुरूचे बन, समोर समुद्र, वर चांदणे. साडेनऊच्या सुमारास विजेरी घेऊन कुणीतरी येईल आणि इथे रात्री थांबता येत नाही, असे सांगेल. वाद घालू नये. धोरणाची प्रत काढू नये. "मग कुठे थांबू?" एवढेच विचारावे. तो क्षणभर विचार करून म्हणेल, "चला आमच्याकडे." अभ्यासक्रमाचा मुख्य भाग इथे सुरू होतो.

दुसरा दिवस : अंगण मागणे

सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा बघून घ्यावा. मराठ्यांना शेवटपर्यंत न मिळालेला हा किल्ला बघताना, पाण्यापलीकडे स्वतंत्र राहायला सिद्द्यांना किती उंच तट बांधावे लागले, हे लक्षात येते. तुमच्याकडे पत्र्याची भिंत आहे.

मग दिघीला उतरून दिवेआगर. वाटेत रस्त्याचे नियम शिकावेत. समोरून एस.टी. आली तर तुम्ही मागे जायचे. हा नियम कुठल्याही पुस्तकात लिहिलेला नाही, कारण त्याला अपवाद नाही. गावात शिरण्यापूर्वी दादाला गाडीची उंची पाठ करायला लावावी : फणसाच्या फांद्या, विजेच्या वायरी आणि देवळाच्या कमानी या क्रमाने परीक्षा घेतात. फोनवरच्या नकाशावर विश्वास ठेवू नये. त्याला डांबरी रस्ता आणि पाखाडी यातला फरक कळत नाही. पाखाडीला पायऱ्या असतात. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे असतात. तिथून मागे येताना सगळे गाव मदतीला येते आणि संध्याकाळपर्यंत तुमची ओळख करून द्यावी लागत नाही.

आता अंगण. नारळी-पोफळीच्या वाडीला लागून सारवलेले किंवा लादी घातलेले अंगण असलेले घर हेरावे. वेळ दुपारी चारची; दिवेलागणीला मागायला जाऊ नये. गाडी रस्त्यावर ठेवावी आणि आपल्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला पुढे करावे. तिने इतकेच म्हणायचे, "काकू, रात्रीपुरती गाडी अंगणात लावली तर चालेल?" पाण्याचे आणि विजेचे नाव काढायचे नाही.

यानंतर चौकशी होते. कुठले? मूळ गाव? आडनाव काय म्हणालात? चिपळूणच्या अमक्यांचे कोण? सर्व उत्तरे सविस्तर द्यावीत. चौथ्या-पाचव्या प्रश्नाला काहीतरी नाते लागते. न लागल्यास दादाचे लागते.

मग येतो तो प्रश्न : "गाडीतच झोपणार?" हो म्हणावे, आत सगळी सोय आहे. हे वाक्य उच्चारल्यावर सगळे घर गाडी बघायला येते. चपला बाहेर काढून येते. काका छपरावर बोटाने टकटक करतात. मुले पलंगावर चढतात. काकू बेसिनचा नळ सोडून बघतात, फ्रिज उघडून आत काय आहे ते पाहतात आणि शौचालयाचे कपाट उघडून, काही न बोलता, हळूच लावून घेतात. आजी सगळ्यांत शेवटी चढतात, एक फेरी मारतात आणि विचारतात, "सगळं आहे गो, पण देव कुठे ठेवलेत?"

या प्रश्नाला उत्तर नाही. बाकरवडीचे पहिले पाकीट इथे द्यावे.

पैशांचा नियम सरळ आहे. "घरगुती राहण्याची व जेवणाची सोय" अशी पाटी असेल तिथे दर विचारावा आणि घासाघीस न करता द्यावा. खोली घेतली नाही तरी अंगण, नळ आणि प्लग यांना किंमत आहे. पाटी नसेल तिथे पैसे काढले तर काकूंचा चेहरा उतरतो. तिथे जेवणाच्या निमित्ताने नारळ, कोकम, आमसुले असे काहीतरी विकत घ्यावे आणि भावाबद्दल ब्र काढू नये. जेवण मात्र आधीच सांगून ठेवायचे असते. रात्री आठला विचारले तर "नाही" म्हणणार नाहीत, पण उकडीचे मोदक हुकतील आणि चूक तुमचीच असेल.

तंबूचे छत बांधायला जमिनीत खुंटा ठोकायचा असल्यास आधी विचारावे. याच गावातल्या एका वाडीत १९९७ मध्ये सोन्याचा गणपती सापडला. २०१२ मध्ये तो चोरीला गेला आणि २०२१ मध्ये पुन्हा बसवला गेला. अशा गावात परक्या माणसाने रात्री जमीन उकरू नये.

तिसरा दिवस : तिथीचे गणित

भरतीची वेळ काढायला नेटवर्क लागत नाही, आणि श्रीवर्धनच्या पुढे ते बरे आहे. तिथीला पाऊणने गुणावे. आज पंचमी : पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती पूर्ण. त्यानंतर सहाएक तासांनी ओहोटी. पौर्णिमा ओलांडली की प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचे. जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, पण गाडी वाचवायला इतके पुरते.

याच हिशेबाने पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारच्या आसपास उधाणाची भरती येते आणि सूर्यास्ताला पाणी पार मागे गेलेले असते. अष्टमीला सहा वाजता समुद्र काठोकाठ असतो, पण ती भांगाची भरती, जोर कमी. अलिबागचा कुलाबा किल्ला पायी गाठायचा तो ओहोटीला आणि परतायचे ते पाणी फिरण्याआधी. हरिहरेश्वरची प्रदक्षिणाही ओहोटीचीच. भरतीला त्या खडकांवर पाऊल ठेवू नये. हे वाक्य विनोदी नाही.

आता गाडी वाळूत नेण्याविषयी. ओहोटीला ओली वाळू इतकी घट्ट दिसते की दादालाही मोह होतो. नेऊ नये. ठिकठिकाणी तशा पाट्याही आहेत. शिवाय बाणकोटजवळच्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवे याच वाळूत अंडी घालतात आणि गावकरी ती घरटी राखतात. तीन-चार टनांची गाडी त्यांच्यावरून जाणे बरे दिसत नाही. तरीही नेलीत, तर चाके फिरवत बसू नका. गाडी तेवढीच खोल जाते. टायरमधली हवा कमी करा, चाकापुढची वाळू उपसा आणि ट्रॅक्टरवाल्याला बोलवा. त्याने कालनिर्णय न बघता पाण्याकडे एक नजर टाकलेली असते. पाणी उतरत असेल तर एक दर, चढत असेल तर दुसरा.

चौथा दिवस : मासळी

हर्णैला सुवर्णदुर्गासमोर किनाऱ्यावरच मासळीचा लिलाव होतो. बघावा जरूर. नवशिक्याने बोली लावू नये. घेतलेली सुरमई तुमच्या फ्रिजमध्ये तिरपी सुद्धा मावणार नाही.

घ्यायचे तर वाट्यावर बसलेल्या मावशींकडून बांगडे घ्यावेत. कल्ले लाल, डोळा चकचकीत. त्यानंतरचा नियम या अभ्यासक्रमातला सर्वांत कडक आहे : मासा गाडीत तळायचा नाही. मोटरहोमच्या छताला अस्तर असते, गाद्यांना कापड असते, पडदे असतात. ही तिन्ही बांगड्याची आठवण दीर्घकाळ ठेवतात आणि अनामत रक्कम परत करताना गाडीचा मालक नाकाने हिशेब करतो.

बांगडे ज्या घरी मुक्काम आहे तिथे न्यावेत. घर शाकाहारी असल्यास पिशवी पाठीमागे धरून आधी विचारावे. मासे खाणारे असल्यास काकू पिशवीत डोकावून "केवढ्याला घेतलेत?" विचारतील. खरी किंमत सांगू नये. अर्धी सांगावी, त्यावरही त्या "फसवलंन हो तुम्हाला" म्हणतील.

पाचवा दिवस : टाक्या

दाभोळहून धोपाव्याला उतरून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. आजवर टाळलेला विषय आज टाळता येणार नाही, कारण सूचक दिवा लाल झाला आहे.

गाडीत तीन टाक्या असतात. पहिलीत स्वच्छ पाणी. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. तेव्हा काकांनी "घ्या की पाणी" म्हटले तरी पाइप लावून टाकी भरू नये. दोन बादल्या घ्याव्यात. अंघोळीसाठी गाडीतला फवारा विसरावा. दुपारी विहिरीवर उपसून डोक्यावर घेतलेल्या पाण्याशी त्याची तुलना होत नाही.

दुसरी टाकी बेसिनच्या पाण्याची. हे पाणी कुठे सोडू, असे विचारले की बोट केळीच्या आळ्याकडे जाते. घरच्या न्हाणीचे पाणीही तिकडेच जाते.

तिसरी टाकी. ती समुद्रात, खाडीत, वहाळात किंवा काळोखात कुठेही रिकामी करायची नाही. घरच्या शौचालयात, परवानगीने, स्वतः. दादाला सांगायचे नाही. टाकीत घालायचे निळे औषध घरच्या सेप्टिक टँकमधल्या उपयोगी जिवाणूंना मारते, म्हणून मुक्कामाच्या आदल्या दिवशीच ते थांबवावे. परवानगी मागणे अवघड जाते. त्यासाठी दोन पाकिटे धरली आहेत.

उशीर केल्यास काय होते, याचे प्रात्यक्षिक हेदवीला बघायला मिळते. तिथल्या बामणघळीत भरतीचे पाणी अरुंद फटीतून घुसते आणि दाब वाढला की आवाज करत उंच उसळते.

सहावा दिवस : उष्मा आणि वीज

तवसाळहून जयगड, गणपतीपुळे, आरे-वारे आणि रत्नागिरी. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ मध्ये इंग्रजांनी इथे आणून ठेवला. १९१० मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. मुक्काम कसा लांबतो, याचे हे उदाहरण विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

दिवसभर तापलेला पत्रा रात्री दहापर्यंत निवत नाही. गाडीतला एसी तासाला एखादे युनिट वीज खातो. बॅटरीत दोन-तीन युनिटे असली तर नशीब. म्हणून आज वायर काढावी लागते. ओटीवरच्या जाड प्लगमध्ये ती घालून एसी सुरू केल्यावर घरातला पंखा मंदावतो, टीव्हीवरची मालिका थरथरते आणि मग फ्यूज जातो. सगळे घर अंगणात येते. तुम्हीही येता. कुणी दोष देत नाही; उलट "आमच्याकडे जातेच हो लाइट" अशी तुमची समजूत काढतात.

काका तार बदलत असताना एक गोष्ट ध्यानात येईल. दादा पहिल्या रात्रीपासून ओटीवर झोपतो आहे. कौलाखाली, जांभ्याच्या गार भिंतीशी, चटईवर. तो घोरतो आहे. गाडीच्या भाड्यात त्याची झोपण्याची सोय धरलेली नव्हती आणि तोच एकटा ताजातवाना दिसतो.

"या की तुम्हीपण," काकू म्हणतील. गादी आधीच घातलेली असते. इथे स्वावलंबनाचा विचार मनात आल्यास तो सकाळपर्यंत पुढे ढकलावा.

सातवा दिवस : मालवण आणि समारोप

विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर करत मालवण. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग बघावा. भर समुद्रात असूनही आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत; ज्याने घर पाण्यात बांधले त्यानेही टाकीवर विसंबून चालत नाही, हे ओळखले होते.

मालवणात चौकशी दुसऱ्या पट्टीत होते. "खंयसून इलास?" इथपासून सुरुवात. गाडीत झोपणार म्हटल्यावर गृहस्थ गाडीकडे बघतात, तुमच्याकडे बघतात आणि विचारतात, "आमच्या घराक काय झालां?" हा प्रश्न खरा आहे, त्याला खरे उत्तर द्यावे : काही झाले नाही. मग आत जावे. मोटरहोम रात्रभर खळ्यात उभे राहते. त्यावर कोंबडी बसते.

रेडीला अभ्यासक्रम संपतो. पुढे तेरेखोलची खाडी आणि गोवा आहे. तो प्रगत अभ्यासक्रम.

परतल्यावर

गाडी पुसून, टाक्या धुऊन, पडदे हुंगून परत करावी. हिशेब मांडावा. हॉटेलचे वाचलेले पैसे भाड्यात, डिझेलात आणि ट्रॅक्टरमध्ये गेलेले दिसतील. कुणाचे मिंधे न होण्यासाठी घेतलेल्या गाडीमुळे सात घरांचे मिंधे झालेलेही दिसेल. हॉटेलात उतरला असतात तर एकाही घराशी नाते जडले नसते.

शेवटची सूचना. प्रत्येक अंगणातून निघताना तुम्ही "मुंबईला आलात की नक्की या" असे म्हणालेले आहात. कोकणात हे वाक्य लक्षात ठेवतात. गणपती उरकले की पहिला फोन येईल : आजींचे डोळे दाखवायचे आहेत, चार दिवसांचे काम आहे. चौघे येतील, बरोबर फणसाची साटे, कुळथाचे पीठ आणि नारळाचे पोते असेल. घर मात्र ते बरोबर आणणार नाहीत.

तरी हॉलमधला सोफा-कम-बेड एकदा उघडून बघून ठेवावा. आणि आजी विचारायच्या आत देवघराची जागा नक्की करावी.